राखणदाराला विचारतो कोण?

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी आमच्या टेकडीच्या ग्रुपवर एकच शब्द आला. 'धूर'.

मी ऑफिसमधून निघालो तेव्हा दोन वाजले होते. टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तोवर पश्चिमेचा उतार पेटला होता. आम्ही अकरा जण जमलो. हातात ओल्या फांद्या आणि भिजवलेली गोणपाटं. वणवा ज्यांनी विझवलाय त्यांना माहीत असेल की त्यात शौर्य वगैरे काही नसतं. वाकून, डोळे मिटून, खोकत खोकत जमीन झोडपत राहायचं, बस्स. साधारण दोन तासांनी आग थांबली. खरं सांगायचं तर आम्ही ती थांबवली नाही. डिसेंबरात आम्ही गवत काढून जी जाळरेषा केली होती तिथं ती आपोआप थांबली. रेषेच्या अलीकडचं वाचलं, पलीकडचं गेलं. त्यात चार वर्षांची सालई, पळस आणि मोईची रोपं गेली. गवतात घरटी करणाऱ्या चंडोलांचं काय झालं ते बघायला कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. मागणी साधी होती. पुढच्या वर्षी जाळरेषा आखताना आम्हाला सोबत घ्या, दोन ठिकाणी पाण्याच्या टाक्या ठेवू द्या आणि हे लेखी द्या. साहेब भला माणूस. चहा पाजला. म्हणाले, "तुम्ही लोक चांगलं काम करताय, करत राहा. पण लेखी काही मागू नका. लेखी मागितलं की मला नाही म्हणावं लागतं."

अर्ज परत घेऊन आलो.

पावसाळा संपता संपता टेकडीवर एक दिवस चुन्याच्या रेघा दिसल्या, आणि लाल रंग फासलेले दगड. दोन मुलं मोजणीचं यंत्र लावून उभी होती. कशासाठी मोजताय विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही काका, आम्हाला फक्त मोजायला सांगितलंय." आजतागायत आम्हाला कळलेलं नाही की त्या रेघा कशाच्या. सात वर्षं दर रविवारी पाण्याचे कॅन वाहून नेणाऱ्या माणसांना ते सांगावं असं कुणाला वाटलं नाही. आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे, कारण आम्ही तिथं कुणीच नाही. स्वयंसेवक आहोत. म्हणजे आपल्या मर्जीनं येणारे आणि सांगितलं की जाणारे.

त्या रात्री मला राग आला होता हे कबूल करतो. पण राग फेसबुकवर काढण्यापेक्षा थोडं वाचून बघू म्हटलं. जो राखतो त्याला विचारायचं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा कधी आला असेल? मला वाटलं होतं, पर्यावरण चळवळीच्या काळात, सत्तर-ऐंशीच्या दशकात कधीतरी. तर नाही. तो प्रश्न कागदावर, मुद्देसूद मांडला गेला होता १८७८ साली. आणि मांडणारे लोक मी राहतो त्याच शहरातले होते. पुण्यातले.

ती गोष्ट सांगायची म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगतो.

*

आधी त्याच्याही मागचं थोडं.

आपल्याकडे राखलेल्या जंगलाला जुना शब्द आहे, देवराई. कोकणात कुठं राई म्हणतात, कुठं देवरहाटी. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या, तेव्हा अभ्यासकांचं लक्ष तिकडे नीट गेलं. गावागणिक नियम वेगळे, पण गाभा एकच. इथलं लाकूड तोडायचं नाही, काही ठिकाणी तर वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही. भैरोबा, म्हसोबा, काळुबाई, जनाई, ज्याची राई त्याचा धाक.

आपण शहरातले लोक देवराईकडे श्रद्धेची किंवा अंधश्रद्धेची गोष्ट म्हणून बघतो. मला त्यातली कारभाराची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. देवळाचं आढं मोडलं, लाकूड हवंय, तर गाव काय करायचं? बसायचं, बोलायचं, देवाला कौल लावायचं आणि मग ठरवायचं. म्हणजे बंदी होती, पण ती बाहेरून कुणी घातलेली नव्हती. राखणारे आणि ठरवणारे तेच होते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं रानजायफळाच्या झाडांची एक दलदल आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, पायाखाली बारा महिने पाणी. असलं जंगल महाराष्ट्रात अगदी दुर्मीळ. ते टिकलं ते देवाची राई म्हणून, गावानं हात लावला नाही म्हणून. सरकारी संरक्षण अलीकडच्या काळात मिळालं. तोवर ते कुणी राखलं, याचं उत्तर कुठल्याही फाइलीत सापडणार नाही.

आणि राज्यकर्ते? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं प्रसिद्ध असलेलं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. त्यात आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याचा विचार आहे. सागवान वगैरे राज्यातल्या अरण्यातून परवानगीनं तोडावं, पण आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये असं तिथं बजावलेलं आहे. कारण ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन न्यावं. मला यात पर्यावरणापेक्षा दुसरी गोष्ट दिसते. गरज राज्याची आहे, तीही आरमारासारखी मोठी. तरीसुद्धा वाढवणाऱ्याला विचारायचं आहे.

*

आता इंग्रज. रेल्वे आली, रुळांखाली घालायला स्लीपर लागले, जहाजांना सागवान लागलं. १८६४ साली वनखातं निघालं, १८६५ साली पहिला वन कायदा आला. तो अपुरा वाटला म्हणून नव्या कायद्याची तयारी सुरू झाली आणि त्यावर सरकारच्या आतच मोठा वाद झाला. हा वाद आपल्याला शाळेत शिकवत नाहीत.

एका बाजूला बेडन-पॉवेल नावाचे अधिकारी. (स्काउटवाले नव्हेत, त्यांचे थोरले सावत्र भाऊ.) त्यांचं म्हणणं, पडीक आणि जंगलाची जमीन मुळात राज्याची. लोक तिथून लाकूडफाटा नेत आले ही राज्याची मेहरबानी, हक्क नव्हे. दुसऱ्या बाजूला मद्रास प्रांताचं महसूल मंडळ. ते म्हणत होतं, आमच्याकडे असं एकही जंगल नाही की ज्यावर कुठल्या ना कुठल्या गावाची वहिवाट नाही. मधे होते वनखात्याचे पहिले प्रमुख डिट्रिश ब्रँडिस, जन्मानं जर्मन. त्यांना सरकारी जंगलं हवी होती, पण त्याबरोबर गावांची स्वतःची जंगलंही हवी होती.

या वादात मार्च १८७८ मध्ये एक निवेदन येऊन पडलं. पाठवणारी संस्था होती पुण्याची सार्वजनिक सभा. 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानं १८७० साली उभी राहिलेली.

सभेचं म्हणणं थोडक्यात, माझ्या शब्दांत सांगतो. जंगल वाचवायचंय ना? मग गावकऱ्याला विश्वासात घ्या. ज्या रानावर त्याची वहिवाट आहे, ज्यात त्याचा जीव गुंतलाय तिथून त्याला हुसकावू नका. उलट ज्या गावानं आपल्या वाट्याचं रान राखलं, नवी झाडं लावली, त्याला बक्षीस द्या, शाबासकी द्या. म्हणजे शेजारच्या गावालाही ईर्ष्या होईल आणि गावागावांत राखणीची चढाओढ लागेल.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वर्ष तपासलं. १८७८. आज आपण 'लोकसहभागातून संवर्धन' असे फलक लावून जे कार्यक्रम करतो त्याचा सगळा गाभा तिथं आहे. आणि फलकांवर जे नसतं तेही आहे. सभा गावकऱ्याला नुसतं फुकट राबायला बोलवत नव्हती. त्याचा संबंध मान्य करा असं म्हणत होती.

निवेदनाचं पुढे काय झालं ते सांगायला नको. १८७८ चा कायदा झाला. जंगलाचे तीन प्रकार ठरले, राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव जंगलात परवानगी नसेल ते सगळं मना. संरक्षित जंगलात मनाई नसेल ते सगळं चालेल, पण मनाई केव्हा घालायची ते सरकार ठरवणार. आणि ग्रामवन, म्हणजे गावाकडे सोपवायचं जंगल, ते कायद्याच्या पुस्तकात राहिलं. ब्रँडिस यांची इच्छा तिथं एक प्रकरण म्हणून छापली गेली, पण अमलात जवळजवळ आलीच नाही. पुढे १९२७ च्या कायद्यातही ग्रामवनाचं कलम आहे, कलम २८. तेही तसंच पडून राहिलं.

पाचच वर्षांनी, १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात जंगलखात्यावर टीका आहे. डोंगराच्या आसऱ्यानं, रानातला पाला-फळं गोळा करून आणि चार गुरं चारून जगणारा अल्पभूधारक माणूस या खात्यामुळे कसा उघड्यावर आला, हे ते सांगतात. ठाणे-कुलाब्याकडे तर राबाचा प्रश्न पेटला. भाताची रोपं करायच्या आधी फांद्या-पाला अंथरून वाफा भाजायचा, तो राब. त्यासाठी फांद्या तोडणं गुन्हा ठरलं. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्यात वन आयोग नेमावा लागला.

*

पुढचं पान आपल्या ओळखीचं आहे. १९३०. मीठ सगळीकडे नव्हतं. विदर्भात, पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरी भागात समुद्र कुठला? तिथं अन्यायाचा कायदा म्हणजे जंगलचा कायदा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव जंगलात शिरून गवत कापलं. गवत! बॉम्ब नाही की बंदूक नाही. विळ्यानं गवत कापलं आणि शिक्षा भोगली. मग सांगलीकडे बिळाशी, नगरकडे संगमनेर, असं लोण पसरत गेलं. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. तिथं हुतात्म्यांचं स्मारक आहे. कधी उरणला गेलात तर वाकडी वाट करून जा.

एक गोष्ट मला यात फार टोचते. जंगल सत्याग्रहाच्या त्या तुकड्यांतल्या माणसांनाही 'स्वयंसेवक'च म्हणत. तेव्हाचा स्वयंसेवक विळा घेऊन विचारायचा, हे रान कुणाचं? आजचा स्वयंसेवक, म्हणजे मीच, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन जातो, फोटो काढतो, आणि तो प्रश्न विचारायचं विसरलोय.

त्याच काळातला कुमाऊँचा दाखला बघा. हिमालयातल्या या भागात सरकारनं जंगलं ताब्यात घेतली, तेव्हा १९२१ साली लोकांनी सरकारी चीडची जंगलं जाळली. इतिहासकार रामचंद्र गुहांनी यावर सविस्तर लिहिलंय. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे लोकांच्या रोजच्या कामाची, रुंद पानांची, बांज वगैरेची जंगलं त्यांनी जाळली नाहीत. जे आपलं राहिलं नाही ते पेटलं, आणि जे आपलं वाटत होतं ते वाचलं. सरकारनं तक्रार-समिती नेमली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम केले. गाव पंच निवडणार आणि गाव आपलं जंगल राखणार. उत्तराखंडात आजही हजारो वनपंचायती आहेत. त्या सगळ्या उत्तम चालतात असं म्हणणं खोटं ठरेल. पण सार्वजनिक सभेनं जे सुचवलं होतं ते अशक्य नव्हतं, एवढं त्यातून दिसतं. आगी लागल्यावर का होईना, सरकारला ते सुचलं.

*

स्वातंत्र्य आलं. १९२७ चा कायदा तसाच राहिला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, त्यानं वाघ वाचवले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची भाषाही तीच होती. जंगल वाचवायचं म्हणजे माणसाला बाहेर ठेवायचं. १९९० मध्ये केंद्रानं संयुक्त वनव्यवस्थापनाचं परिपत्रक काढलं आणि गावोगाव समित्या झाल्या. काही ठिकाणी चांगलं कामही झालं. पण परिपत्रकानं दिलेलं परिपत्रकानं काढूनही घेता येतं.

मग गडचिरोली. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. ऐंशीच्या दशकात धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं, त्यातून हे गाव जागं झालं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं त्याच्याशी जोडलेली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा आपल्याला पाठ आहे. पण तिच्यामागे काय होतं ते बघा. गावानं अभ्यासगट चालवला. रोज थोडं वाचायचं, कायदा समजून घ्यायचा. ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय करायचा नाही. एकानं नाही म्हटलं तर थांबायचं. घरटी पाळीनं जंगलावर गस्त घालायची, पगार नाही. ग्रामसभेच्या परवानगीशिवाय कुणी, म्हणजे सरकारी ठेकेदारानंसुद्धा, जंगलातलं काही न्यायचं नाही.

म्हणजे हेही स्वयंसेवकच. पण ठरवणारे स्वयंसेवक.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या कलम ३ मध्ये एक ओळ आहे, जी माझ्या मते आपल्या जंगलांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी ओळ आहे. हक्कांच्या यादीत जमीन आहे, महुआ-तेंदू-बांबू आहे, आणि सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. राखण्याचा हक्क! १८७८ पासून राखणं हे सरकारचं काम आणि वापरणं ही लोकांची मेहरबानी होती. इथं पहिल्यांदा कायदा म्हणाला, राखणं हा लोकांचा हक्क आहे.

२००९ मध्ये मेंढा (लेखा)ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तरी गंमत बघा. हक्क मिळाला, पण बांबू विकायला निघाले तर वाहतूक परवाना वनखात्याचा. खातं म्हणे, बांबू हे झाड आहे. वनस्पतीशास्त्र म्हणतं गवत आहे. १९३० ला पुसदमध्ये गवतासाठीच शिक्षा झाली होती, हे आठवून मला हसू आलं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट त्याहून शांत आहे आणि मला जास्त आवडते. २०१२ मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूचं उत्पन्न सुरू झालं. मग ग्रामसभेनं ठरवलं की आपण तेंदूपत्ता तोडायचा नाही. तेंदूपत्ता म्हणजे नगद पैसा. पण चांगली पानं फुटावीत म्हणून फांद्या छाटतात आणि जंगलाला आग लावतात. ते नको. आणि सुमारे ३४ हेक्टर रान त्यांनी देवराईसारखं बाजूला ठेवलं, तिथून काही काढायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं आणि अनुदानही नव्हतं. सगळ्या पिढ्यांना 'हे तुमचं नाही' ऐकवलं गेलं होतं त्या लोकांना 'हे तुमचं आहे' म्हटल्यावर त्यांनी पहिल्या काही निर्णयांत वणव्याचं कारणच काढून टाकलं.

सार्वजनिक सभेला हे बघायला आवडलं असतं.

*

आता आमच्या टेकडीकडे येतो. वनहक्क कायदा आम्हाला लागू नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांसाठी आहे आणि तसाच राहायला हवा. मी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, माझं पोट टेकडीवर नाही.

मग आमच्यासारख्यांसाठी कायद्यात काय आहे? २००२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन दोन नवे प्रकार आले. एक समुदाय राखीव. खाजगी किंवा समाजाच्या मालकीच्या जमिनीवर, जिथं लोक स्वतःहून संवर्धनाला पुढे येतात. त्याच्या समितीत पंचायतीनं किंवा ग्रामसभेनं दिलेले प्रतिनिधी आणि एक सरकारचा. तिथल्या जमिनीचा वापर बदलायचा तर आधी समितीचा ठराव हवा आणि त्यावर सरकारची मंजुरी. बघा, ठराव!

दुसरा प्रकार संवर्धन राखीव, सरकारी जमिनीसाठी. नाशिकजवळचं बोरगड २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव झालं, निसर्गप्रेमी संस्था आणि आसपासच्या गावांच्या मेहनतीतून. ओसाड डोंगर हिरवा झाला. हा प्रकार चांगलाच आहे. पण यातल्या समितीचं काम कायद्यानं काय ठरवलंय? मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देणं. ठराव नाही, सल्ला. सरकारी जमीन असली की आपण १८७८ च्याच खोलीत, फक्त आता बसायला खुर्ची मिळालीय. आणि आमच्या टेकडीसारख्या जागांना तर अजून तीही नाही.

शहरांसाठी आणखी एक दार आहे. २००२ च्याच जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत, म्हणजे महापालिकेतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी. तिनं लोकांच्या मदतीनं आपल्या परिसराची जैवविविधता नोंदवही करायची. याच कायद्याखाली पुण्याचं गणेशखिंड उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. म्हणजे दार बंद नाही, आपण वाजवत नाही.

*

आता जरा आमच्यावरही बोलतो, नाहीतर ही पोस्ट म्हणजे नुसतं रडगाणं होईल.

पहिल्या दोन वर्षांत आम्ही टेकडीवर बरंच चुकीचं केलं. माळावर, जिथं मुळात गवतच असायला हवं, तिथं खड्डे खणून झाडं लावली. मिळाली ती रोपं, अगदी गिरिपुष्पसुद्धा. कारण फोटोत झाड दिसतं, गवत दिसत नाही. आणि पायथ्याच्या वाडीतले एक धनगर मामा मेंढरं घेऊन वर यायचे, त्यांच्याशी आम्ही भांडलो. 'चराईबंदी' हा शब्द आम्ही असा वापरला की जणू टेकडी आमच्या आजोबांची. सरकार आम्हाला जे म्हणत होतं तेच आम्ही मामांना म्हणत होतो. तुम्ही इथं कुणी नाही.

मामांनी राग धरला नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही जानेवारीच्या शेवटी, भर दुपारी जाळरेषा करायला गेलो होतो. ते येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "सायेब, गवात वाळून कुरकुरीत झाल्यावर हे करत्यात व्हय? थोडी वल असतानाच काढून घ्यायचं. आन् आधी वारं बघायचं, मग इळा उचलायचा." गेल्या फेब्रुवारीत आग ज्या रेषेवर थांबली, ती मामांनी दाखवलेली रेषा होती. त्यांच्या लहानपणी तिथूनच मेंढरांची वाट होती. वर्षानुवर्षं खुरांनी तिथलं गवत दाबलेलं असायचं, म्हणून वणवा ओलांडायचा नाही. वाट बंद झाली, गवत वाढलं, आग पुढे जायला लागली. ज्याला आम्ही टेकडीचा शत्रू समजत होतो त्याच्या मेंढरांनी तिची जाळरेषा राखली होती.

तेव्हा मला सार्वजनिक सभेच्या निवेदनातला 'विश्वासात घ्या' हा भाग नीट कळला. ते उपकार म्हणून करायचं नसतं. राखणाऱ्याला जे माहीत असतं ते कागदावर नसतं, म्हणून करायचं असतं. स्वयंसेवकाला विचारायला हवं हे खरं, पण स्वयंसेवकानंही कुणाला तरी विचारायला हवं.

*

पोस्ट लांबली. मुद्दे तीन आहेत.

एक. तुमच्या गावात, शहरात जी टेकडी, तळं, गायरान, राई तुम्ही राखताय तिचा सातबारा काढा. जमीन कुणाच्या नावावर आहे त्यावरून कोणता कायदा लागू होतो ते ठरतं. आम्ही सात वर्षं पाणी घातलं आणि हा कागद सहाव्या वर्षी बघितला.

दोन. तुमच्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचं काम आहे.

तीन. तोंडी परवानगीवर समाधान मानू नका. तोंडी परवानगी म्हणजे १८७८ ची मेहरबानी. भले साहेब चांगले असोत, त्यांची बदली होतेच.

आमचं सांगतो. आम्ही नवा अर्ज केलाय. यावेळी खाली तिघांच्या नाही, एकेचाळीस जणांच्या सह्या आहेत. मामांचा अंगठा सगळ्यात वर. मागणी एकच वाढवलीय. टेकडीबाबत काहीही ठरवायच्या आधी, रेघ मारायच्या आधी, राखणाऱ्यांना बोलवा आणि ते लेखी द्या. साहेबांना नाही म्हणावं लागेल तर तेही लेखी म्हणू देत. सार्वजनिक सभेचा कागद जपला गेला म्हणून आज आपल्याला कळतं की तेव्हा कुणीतरी विचारलं होतं. आमचाही राहू दे.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. मामा म्हणतात गवतात अजून थोडी ओल आहे, म्हणजे जाळरेषेला हाच योग्य वेळ. या रविवारी सकाळी सहाला पायथ्याच्या वडाखाली जमतोय. विळा असेल तर आणा, नसेल तर आमच्याकडे चार जादा आहेत. अर्जाची प्रतही तिथंच असेल, सहीला जागा शिल्लक आहे.